ड्युई सर भेटले नाहीत : बाबासाहेबांची १९५२ची कोलंबिया भेट

१ जून १९५२. बाबासाहेब मुंबईहून विमानाने न्यूयॉर्कला निघाले. कोलंबिया विद्यापीठ त्यांना एलएल.डी. ही सन्माननीय पदवी देणार होते. वय ६१, मधुमेहाने पोखरलेले शरीर, पायांचे दुखणे. माईसाहेब सोबत नव्हत्या, त्या भारतातच राहिल्या होत्या.

राजकारणात तो काळ पराभवाचा होता. हिंदू कोड बिलाची झालेली वाताहत पाहून त्यांनी सप्टेंबर १९५१ मध्ये कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यानंतर चारच महिन्यांनी पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली आणि उत्तर मुंबईतून नारायणराव काजरोळकरांनी सुमारे १४ हजार मतांनी त्यांचा पराभव केला. ज्यांनी राज्यघटनेचा मसुदा देशाच्या हाती ठेवला, त्यांना त्याच घटनेखालच्या पहिल्या लोकसभेत जागा मिळाली नाही. राज्यसभेवर ते निवडून आले खरे, पण जखम ओली होती. अशा वेळी ज्या विद्यापीठात तरुणपणाची तीन वर्षे घालवली, तिथून बोलावणे आले.

पदवीचा फोटो आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेला असतो. जयंतीच्या बॅनरवर तो असतो, कोलंबियाचे नाव असते, खाली पदव्यांची माळ असते. पण या प्रवासात बाबासाहेबांच्या मनात आणखी एक ओढ होती. त्यांना आपल्या जुन्या शिक्षकाला भेटायचे होते. प्राध्यापक जॉन ड्युई तेव्हा ९२ वर्षांचे होते आणि न्यूयॉर्कमध्येच राहत होते.

ही ओढ समजून घ्यायची तर ३९ वर्षे मागे जावे लागेल.

जुलै १९१३ मध्ये भीमराव रामजी आंबेडकर नावाचा २२ वर्षांचा तरुण न्यूयॉर्कला उतरला. वडिलांना जाऊन सहा महिनेही झाले नव्हते. सयाजीराव गायकवाडांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली होती, आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानाची नोकरी करायची असा करार लिहून घेतला होता. पहिला मुक्काम हार्टली हॉल या वसतिगृहात झाला. तिथले जेवण मानवेना, म्हणून ते कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले आणि पुढे लिव्हिंगस्टन हॉलमध्ये राहिले. तिथे खोलीत जोडीदार मिळाला नवल भथेना. हा पारशी तरुण पुढे आयुष्यभराचा मित्र झाला.

एका खोलीत दोघे, एका टेबलावर जेवण, एका ग्रंथालयात शेजारी बसायचे. आज यात सांगण्यासारखे काही वाटणार नाही. पण हा विद्यार्थी साताऱ्याच्या शाळेत वर्गाच्या कोपऱ्यात आपल्या गोणपाटावर बसत होता आणि शिपायाने नळ सोडल्याशिवाय त्याला पाणी मिळत नव्हते, हे आठवले की त्या टेबलाची किंमत कळते. परदेशातल्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवले.

अभ्यासाची भूक तर विचारूच नका. पैसे जपून वापरायचे, त्यातले काही घरी रमाईंकडे पाठवायचे आणि उरलेल्यात जुनी पुस्तके घ्यायची. चरित्रकार धनंजय कीर यांनी न्यूयॉर्कमध्ये जमवलेल्या पुस्तकांचा आकडा दोन हजारांच्या घरात सांगितला आहे. विद्यापीठाच्या नोंदींप्रमाणे त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. वर फ्रेंच आणि जर्मन. पदवीला लागते तेवढेच घेऊन ते थांबले नाहीत. ज्या विषयातला जो माणूस मोठा, त्याच्या वर्गात जाऊन बसायचे, हा त्यांचा हिशेब होता.

आणि माणसेही तशीच होती. एडविन सेलिग्मन सार्वजनिक वित्त शिकवायचे. करव्यवस्थेवरचा त्यांचा शब्द अमेरिकेत प्रमाण मानला जाई. न्यूयॉर्कमध्ये काळ्या लोकांच्या नोकरी-निवाऱ्यासाठी उभ्या राहिलेल्या नॅशनल अर्बन लीग या संस्थेचे ते पहिले अध्यक्ष होते. जेम्स हार्वे रॉबिन्सन इतिहास शिकवायचे. इतिहास म्हणजे राजे आणि लढाया एवढेच नव्हे, सामान्य माणसे कशी जगली आणि कसा विचार करत आली हेही त्यात यायला हवे, असा त्यांचा आग्रह होता. जेम्स शॉटवेल हेही इतिहासाचेच. पहिल्या महायुद्धानंतरच्या शांतता परिषदेत आंतरराष्ट्रीय कामगार संघटना उभी करण्यात त्यांचा हात होता. अलेक्झांडर गोल्डनवायझर मानववंशशास्त्राचे. त्यांच्याच परिसंवादात ९ मे १९१६ रोजी २५ वर्षांच्या आंबेडकरांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. जातीचे मर्म जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे आणि ते टिकवण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांच्या बेड्या बाईच्या पायात घातल्या गेल्या, हा सिद्धान्त त्यांनी तिथे मांडला. बाईच्या गुलामीवर जातीची इमारत उभी आहे, हे त्यांना पंचविशीत दिसले होते. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणारे बाबासाहेब आणि हा निबंध वाचणारा विद्यार्थी यांच्यात मला अंतर दिसत नाही.

आणि तत्त्वज्ञान शिकवायला होते जॉन ड्युई.

ड्युईंचे मोठेपण वक्तृत्वात नव्हते. त्यांचे वर्गातले बोलणे संथ, अडखळत चालणारे, जणू समोर बसून विचार करत आहेत असे. टाळ्या मिळवणारा हा शिक्षक नव्हता. पण त्यांच्याकडून एक गोष्ट आंबेडकरांनी कायमची घेतली : लोकशाही म्हणजे फक्त सरकार चालवण्याची पद्धत नाही, ती एकत्र जगण्याची रीत आहे. ज्या समाजात गटागटांमध्ये भिंती आहेत, माणसे एकमेकांच्या अनुभवात सहभागी होत नाहीत, तिथे मतपेटी आली तरी लोकशाही येत नाही. दुसरी गोष्ट, परंपरा ही जपून ठेवायची वस्तू नाही. वाडवडिलांनी दिले त्यातले काय टिकवायचे आणि काय टाकून द्यायचे, हे प्रत्येक पिढीने विचार करून ठरवायचे असते. महारवाड्यातून आलेल्या मुलाला हे ऐकून काय वाटले असेल! अमेरिकी विद्यार्थ्यांसाठी तो परीक्षेचा प्रश्न असेल, भीमरावांसाठी तो जगण्या-मरण्याचा होता.

१९१६ मध्ये ते कोलंबिया सोडून लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये तिथला अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. करार पाळायला ते बडोद्याला गेले आणि चार वर्षांत पुसली गेलेली गोष्ट पुन्हा अंगावर आली. राहायला जागा कुणी देईना. एका पारशी धर्मशाळेत ते नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी लाठ्या घेऊन दारात उभे राहिले. कामाठी बागेत झाडाखाली पाच तास बसून, रात्रीची गाडी पकडून ते मुंबईला निघाले. ती जागा आज आपण संकल्पभूमी म्हणून ओळखतो.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, कारण आपल्या भाषणांतून ती निसटते. बडोद्यात लाठ्या घेऊन आले ते पारशी, आणि १९२० मध्ये अर्धवट राहिलेला लंडनचा अभ्यास पुरा करायला पाच हजार रुपये उसने देणारे नवल भथेना हेही पारशीच. राजर्षी शाहू महाराजांची मदत होती, सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून साठवलेले पैसे होते, आणि लिव्हिंगस्टन हॉलच्या त्या खोलीतला मित्र होता. बाबासाहेबांनी कुठल्याही समाजाला एका लाठीने मोजले नाही, त्यामागे असे अनुभव होते.

कोलंबियाचा धागा तुटला नव्हता. परतताना सामान दुसऱ्या जहाजाने पाठवले होते. महायुद्ध चालू होते. जहाज पाणतीराच्या माऱ्यात बुडाले आणि त्यात प्रबंधाचे हस्तलिखितही गेले. अनेक वर्षांची मेहनत समुद्राच्या तळाशी. १९२२ मध्ये त्यांनी लंडनहून सेलिग्मन सरांना पत्र लिहून कळवले की जुना प्रबंध हरवला, पण नवा लिहून काढला आहे. रडगाणे नाही, सवलतीची मागणी नाही. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा प्रबंध १९२५ मध्ये पुस्तक म्हणून लंडनमध्ये छापला गेला. प्रस्तावना सेलिग्मन यांची, अर्पण सयाजीरावांना. छापील प्रती विद्यापीठात दाखल झाल्यावर १९२७ मध्ये कोलंबियाने त्यांना पीएच.डी. दिली. महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि वर्षअखेर मनुस्मृती जाळली, त्याच वर्षी. तळ्याच्या काठावरचा माणूस आणि करांच्या आकडेवारीवर प्रबंध लिहिणारा माणूस वेगळे नव्हते.

पुढे १९३० साली ते पहिल्या गोलमेज परिषदेसाठी लंडनला होते. त्या डिसेंबरमध्ये कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या पत्रिकेत त्यांचे मनोगत आले. आयुष्यात लाभलेले सर्वांत चांगले मित्र म्हणजे कोलंबियातले काही वर्गबंधू आणि तिथले थोर प्राध्यापक, असे त्यांनी त्यात म्हटले आणि चार प्राध्यापकांची नावे घेतली. ड्युई, शॉटवेल, सेलिग्मन आणि रॉबिन्सन. त्यांनी शिक्षकांना मित्र म्हटले, यावर मी बराच वेळ थांबतो. आपल्याकडे गुरू म्हटले की पाया पडणे आले, प्रश्न न विचारणे आले, द्रोणाचार्याला अंगठा कापून देणे आले. बाबासाहेबांना त्यांचे गुरू समोरासमोर बसणारे भेटले. पुढच्याच वर्षी, दुसऱ्या गोलमेज परिषदेनंतर, डिसेंबर १९३१ मध्ये ते पुन्हा अमेरिकेला जाऊन आले. गांधीजींशी परिषदेत उडालेले खटके ताजे होते, प्रकृती थकली होती आणि मायदेशी आणखी मोठा संघर्ष वाट पाहत होता. जानेवारी १९३२ च्या सुरुवातीला ते लंडनला परतले आणि महिन्याअखेर मुंबईला पोचले. त्याच सप्टेंबरात पुणे करार झाला.

ड्युईंचे ऋण त्यांनी कधी लपवले नाही. १९३६ च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी ड्युईंचे नाव घेऊन सांगितले की हे माझे शिक्षक, यांचे माझ्यावर फार ऋण आहे. हे भाषण ज्यांच्यासाठी लिहिले होते, त्या लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने परिषदच रद्द केली, आणि बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने छापले. मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांची 'डेमोक्रसी अँड एज्युकेशन'ची प्रत जपलेली आहे. सही १९१७ ची, आणि पानापानावर पेन्सिलीच्या खुणा. अभ्यासकांनी त्या खुणा आणि बाबासाहेबांचे लेखन शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा ड्युईंचे विचार त्यांनी किती खोलवर मुरवले होते ते दिसून आले.

पण आंबेडकर ड्युईंचे भक्त नव्हते, आणि माझ्या मते या मैत्रीतली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे. ड्युईंचा भर शिक्षणावर आणि संवादावर. माणसे एकमेकांशी बोलू लागली, शाळा बदलल्या, की समाज हळूहळू बदलेल. बाबासाहेबांनी हे घेतले आणि त्यात स्वतःचे अनुभव मिसळले. जात ही गैरसमजातून आलेली नाही, ती पायऱ्यापायऱ्यांची विषमता आहे आणि प्रत्येक पायरीवरच्या माणसाला खालचा कुणी तरी दिलेला आहे. तिथे नुसता संवाद पुरत नाही. कायदा लागतो, राखीव जागा लागतात, संघटना लागते. ड्युईंच्या विद्यार्थ्याने ड्युईंची हत्यारे घेतली आणि ड्युईंनी न पाहिलेल्या खाणीत वापरली.

बाकीच्या शिक्षकांचेही तसेच. शॉटवेल ज्या कामगार संघटनेच्या जन्मात होते, तिच्या धर्तीवर सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलावर बसवणारी त्रिपक्षीय परिषद ऑगस्ट १९४२ मध्ये दिल्लीत भरली. अध्यक्षस्थानी होते मजूरमंत्री डॉ. आंबेडकर. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची माहिती मागवली. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीशेजारी तीन वर्षे काढलेल्या विद्यार्थ्याला तो प्रश्न परका नव्हता.

आता पुन्हा जून १९५२.

बाबासाहेबांनी १९३० मध्ये ज्या चौघांची नावे घेतली होती, त्यांतले रॉबिन्सन १९३६ मध्ये गेले, सेलिग्मन १९३९ मध्ये. गोल्डनवायझरही १९४० मध्ये गेले होते. उरले होते ड्युई आणि शॉटवेल. आणि बाबासाहेबांचे विमान अजून वाटेत असतानाच ड्युई वारले. न्यूयॉर्कमध्ये १ जून ही तारीख होती. बाबासाहेबांनी माईसाहेबांना पत्र लिहिले, त्यात त्यांनी २ तारीख घातली आणि आपले विमान तेव्हा रोममध्ये होते असे कळवले. लांबच्या विमानप्रवासात तारीख अशी इकडची तिकडे होते.

पत्रातला तो मजकूर तीन-चार ओळींचाच आहे. ड्युईंना भेटायची फार आस होती, ते गेले याचे वाईट वाटते, आपले सगळे बौद्धिक आयुष्य आपण त्यांचे देणे लागतो आणि ते फार विलक्षण माणूस होते, एवढेच. बाबासाहेब उगीच कुणाची स्तुती करणारे नव्हते. गांधी, नेहरू, जीना, सगळ्यांना त्यांनी तोंडावर सुनावले. अशा माणसाने सगळ्या बौद्धिक आयुष्याचे श्रेय एका नावापुढे ठेवावे, आणि तेही जाहीर सभेत नव्हे, बायकोला लिहिलेल्या खाजगी पत्रात!

५ जूनला पदवीदान झाले. विद्यापीठाचे अध्यक्ष आयझेनहॉवर रजेवर होते, ते राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत उतरले होते. विद्यापीठाचा कारभार ग्रेसन कर्क पाहत होते. मानपत्रात बाबासाहेबांचा गौरव राज्यघटनेचे कर्ते, मंत्रिमंडळाचे आणि राज्यसभेचे सदस्य, भारताचे एक अग्रगण्य नागरिक, थोर समाजसुधारक आणि मानवी हक्कांचे खंदे पाठीराखे असा केला गेला. आपल्या देशातल्या विद्यापीठांपैकी एकानेही तोवर त्यांना अशी पदवी दिली नव्हती. उस्मानिया विद्यापीठाने दिली ती जानेवारी १९५३ मध्ये, कोलंबियानंतर सात महिन्यांनी.

इथे तरुण मित्रांना एक सांगावेसे वाटते. दर एप्रिलमध्ये मोबाइलवर एक मजकूर फिरतो, की कोलंबियाने जगातल्या शंभर विद्वानांची यादी केली आणि त्यात बाबासाहेबांना पहिला क्रमांक दिला. प्रत्यक्षात विद्यापीठाने २००४ मध्ये आपल्या अडीचशे वर्षांच्या निमित्ताने काळाच्या पुढे असलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावे काढली. त्यात बाबासाहेब सन्मानाने आहेत, पण त्या यादीत पहिला-दुसरा असे क्रमांक नाहीत. त्यांचा अर्धपुतळा विद्यापीठाच्या लेहमन ग्रंथालयात आहे. जे खरे आहे ते एवढे मोठे असताना खोट्याचा टेकू कशाला द्यायचा? विरोधकाने एक खोटे पकडले की तो आपल्या दहा खऱ्या गोष्टींवर शंका घेतो. बुद्धिप्रामाण्य आपण त्यांच्याकडूनच शिकलो ना?

जूनच्या मध्यावर बाबासाहेब भारतात परतले. राज्यसभेचे काम होते, सिद्धार्थ कॉलेजचे व्याप होते, आणि बुद्धावरचे लिखाण सुरू होते. पुढच्या चार वर्षांत त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहून पुरा केला. त्यात बुद्ध कुणाचे तारणहार नाहीत, ते मार्ग दाखवणारे आहेत. आपण सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा, असे सांगणारा हा शास्ता आहे. धर्म आणि धम्म यांतला फरक त्यांनी त्या ग्रंथात सविस्तर मांडला. धम्म म्हणजे माणसामाणसांतले योग्य नाते, आणि एकटाच माणूस असेल तर धम्माची गरज नाही, पण दोन माणसे एकत्र आली की तो लागतोच. यात ड्युई किती आणि तथागत किती, याचा हिशेब ज्याने त्याने तो ग्रंथ वाचून करावा. मला वाटते, एकत्र जगण्याच्या रीतीचा जो प्रश्न ड्युईंच्या वर्गात त्यांच्या मनात रुजला, त्याचे उत्तर त्यांना त्या वर्गात सापडले नव्हते. ते अडीच हजार वर्षांपूर्वीच्या संघात सापडले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी ते लाखो लोकांच्या हाती दिले.

माईसाहेबांनी एक आठवण सांगितली आहे. कोलंबिया सोडून तीसहून अधिक वर्षे झाल्यावरही बाबासाहेब घरी रंगात आले की ड्युई सरांची नक्कल करून दाखवत. सर वर्गात कसे उभे राहत, कसे बोलत, हात कसे हलवत, सगळे हुबेहूब.